चारदीवारीची माती

जयपूरच्या चारदीवारीतली, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातली, सगळ्यात जुनी रहिवासी तीच. 18 नोव्हेंबर 1727 रोजी सवाई जयसिंगांनी शहराचा पाया घातला आणि विद्याधर भट्टाचार्यांच्या आराखड्याप्रमाणे सरळ रस्ते आणि नऊ चौकड्या, म्हणजे चौकोनी पेठा, आखल्या जाऊ लागल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती. अरवलीच्या टेकड्यांवरून पावसाळी ओढ्यांनी आणलेली, वाळवंटाकडून वाऱ्याने आणून टाकलेली, फिकट, भुसभुशीत, मुठीत घेतली तर बोटांतून निसटणारी. शहर वसलं ते तिच्या अंगावर रेघा मारून. 2019 साली युनेस्कोने चारदीवारीला जागतिक वारशाचा मान दिला तेव्हा वाड्यांची, बाजारांची, दरवाजांची नावं घेतली गेली. हिचं नाव कुणी घेतलं असेल असं वाटत नाही.

माणसं राहायला आली तशी ती बदलत गेली. हवेल्यांचा चुना तिच्यात पडला, सुरखी पडली, विटांचा चुरा, चुलींची राख, शेणमूत, आणि घराघरातल्या कारागिरांचा केर. जवळजवळ तीनशे वर्षं हे चाललंय. गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता, जडियों का रास्ता (इथे गल्लीला ‘रास्ता’ म्हणतात) अशा भागांत तिच्या वरच्या थराला नुसती रेती म्हणणं आता चूक ठरेल. बारीक कणांची, चुना प्यालेली, कुठे नालीच्या ओलीने जड झालेली अशी ती आहे. कारागिरांच्या शेजारात राहून तिने त्यांचं बरंच काही अंगात घेतलं.

यातल्या एका गोष्टीचा हिशेब मात्र माणसांनी काटेकोर ठेवला. सोन्याचा. जडिये कुंदनाचा पत्रा बसवतात, घडणारे कानस मारतात, आणि प्रत्येक कामात कणभर सोनं खाली सांडतं. तो केर कुणी फेकत नाही. दुकानातली झाडलोट, हात धुतलेलं पाणी, बाहेरच्या नालीतला गाळसुद्धा न्यारिये विकत घेतात, धुतात, गाळतात, आटवतात आणि सोनं वेगळं काढतात. आपल्याकडे हे काम झारेकरी करतात. मुंबईचा झवेरी बाजार असो, कोल्हापूरची गुजरी असो की चांदीची हुपरी असो, सराफकट्ट्याच्या नाल्या धुणारी माणसं मराठी वाचकाने पाहिलेली असतात. आणि पुढचं आटवण्याचं, शुद्ध करण्याचं काम तर आपल्याच माणसांनी देशभर नेलं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेले गलाईवाले देशातल्या सराफ बाजारांत भट्ट्या घालून बसले आहेत.

मातीनेही सोन्याच्या बाबतीत कधी खळखळ केली नाही. याला कारण आहे. सोनं पाण्याच्या 19 पट जड आणि स्वभावाने एकटं. ते कुणाशी सहसा संयोग पावत नाही, मातीच्या कणांना बिलगत नाही. तिच्यात पडलं तरी वेगळंच राहतं, आणि झारेकऱ्याच्या पाटीत पाणी फिरलं की तळाला जाऊन बसतं. तीनशे वर्षं माणसांनी तिच्याकडे सोनं मागितलं आणि तिने ते परत केलं.

शिसं मात्र तिच्याकडे कुणी मागितलं नाही. कॅडमियम, तांबं, निकेल, क्रोमियम, पारा यांतलं काहीच मागितलं नाही.

हे सगळं तिच्याकडे आलं कुठून, तेही पाहायला हवं. जयपूरची मीनाकारी आमेरच्या राजा मानसिंगांनी लाहोरहून आणलेल्या कारागिरांपासून सुरू झाली, असं सांगतात. मीन्याच्या काचेत पूर्वापार शिसं असतं, कारण शिशामुळे काच कमी आचेवर वितळते आणि तिला तेज येतं. दागिना घासताना, तासताना त्या काचेची भुकटी उडते. सोन्याच्या डाकासाठी अनेक वर्षं कॅडमियम वापरलं गेलं. ‘केडीएमचे दागिने’ हा शब्द आपल्या आयाबहिणींच्या तोंडीही असायचा, तो याच डाकामुळे. सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी कॅडमियमची वाफ होते. ती कारागिराच्या छातीत जाते आणि उरलेली भिंतीवर, जमिनीवर बसते. मुलाम्याच्या हौदात निकेल आणि क्रोमियम असतं. गलाईच्या कामात शोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळवतात, मग त्यात तांब्याचा पत्रा टाकला की चांदी खाली बसते आणि तांबं तेजाबात जातं. ते निळं पाणी शेवटी कुठे ओतलं जातं, हे कुठल्याही सराफ गल्लीत नालीच्या काठावर उभं राहिलं की कळतं. कणभर सोनं सुटू नये म्हणून पारा वापरणारेही असतात. याखेरीज रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या होत्याच. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तोवर प्रत्येक स्कूटर आपल्या धुरातून थोडं थोडं शिसं सोडत गेली.

हे धातू सोन्यासारखे अलिप्त नाहीत, आणि मातीचा खरा स्वभाव इथेच उघड होतो. चिकणमातीच्या बारीक कणाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात विरघळलेल्या शिशाच्या, कॅडमियमच्या, तांब्याच्या आयनांवर धन भार असतो. कण त्यांना ओढून घेतो आणि सोडत नाही. आजीने पदराच्या गाठीत बांधलेल्या नाण्यांसारखं तिने हे धातू जपून ठेवलेत. त्यात चारदीवारीच्या मातीला चुन्याची सोबत. चुन्यामुळे ती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत शिसं कार्बोनेट होऊन अगदी घट्ट बसतं. पाऊस पडो, नाली फुटो, ते वरच्या वितीभर थरातच राहतं. शिसं कुजत नाही, त्याला जंतू खात नाहीत. शतकंच्या शतकं ते तिथेच असतं.

मला या गुणासाठी तिचा आदर वाटतो. तिने हे धातू धरून ठेवले म्हणून खालच्या पाण्यात ते कमी उतरले. विहिरींना, बावड्यांना तिने आपल्यापरीने राखलं. पण जे खाली जाऊ दिलं नाही ते वर उरलं. वाळलं की तिची धूळ होते, आणि धूळ उंबरा ओलांडते. ती रांगणाऱ्या मुलाच्या तळहाताला लागते, तो हात तोंडात जातो. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान वयात ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेली हानी भरून येत नाही. कॅडमियम मूत्रपिंडं आणि हाडं पोखरतं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यातलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि वेदनेने कण्हणाऱ्या बायांच्या त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’ (दुखतंय, दुखतंय) पडलं. तिथली शेतजमीन पूर्ववत करायला 30 हून अधिक वर्षं लागली.

जिन्झूमध्ये शेतं मोकळी होती, दूषित थराचा बंदोबस्त करून वर स्वच्छ माती घालता आली. चारदीवारीत ते कसं करणार? दोन माणसं एकमेकांना खेटून जातात अशा गल्लीत, हवेलीच्या पायाला लागून, माती उचलायची म्हणजे हवेलीच उचलण्यासारखं. शिवाय उचललेली माती टाकणार कुठे? दुसऱ्या कुणाच्या तरी गावाबाहेर. पाण्याने धुवावी म्हटलं तर रेतीतून पाणी सरळ निघून जातं, पण जिथे धातू बसलाय त्या बारीक कणांच्या थरातून ते जवळजवळ हलतच नाही. बळजबरीला ती दाद देत नाही.

तिला कसं वळवायचं याची पहिली खूण 1809 साली मॉस्कोत सापडली. फर्डिनांड रॉयस या शास्त्रज्ञाने ओल्या चिकणमातीतून विजेचा प्रवाह सोडला आणि पाहिलं, की मातीतलं पाणी आपण होऊन ऋणाग्राकडे चालू लागलंय. वर दाब नाही, खाली उतार नाही, तरीही. यातली खुबी अशी, की साधं पाणी झिरपायला मातीत मोठी भोकं लागतात, पण विजेच्या ओढीने चालणाऱ्या पाण्याला भोकाच्या आकाराची फारशी फिकीर नसते. जी माती पाण्याला अडवते तिच्यातच ही युक्ती चालते. चाल अर्थातच मुंगीहून मंद. मीटरला 100 व्होल्ट लावले तर पाणी दिवसाला साधारण एक ते चार सेंटीमीटर सरकतं.

पाण्याचं हे चालणं झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं आम्ल करतं. मातीत दोन गज रोवून डीसी प्रवाह सोडला, की धनाग्रापाशी पाण्याचं विघटन होऊन आम्ल तयार होतं आणि ऋणाग्रापाशी अल्क. दोन्ही समोरासमोर निघतात. हायड्रोजनचा आयन चपळ. तो हायड्रॉक्सिलच्या पावणेदोन पट वेगाने जातो, शिवाय पाण्याचा ओघही त्याच्याच बाजूने असतो. म्हणून मातीत आम्लाची आघाडी जास्त आत शिरते. जिथे जिथे ती पोचते तिथे हायड्रोजन कणाला जाऊन बिलगतो आणि शिशाला जागा सोडावी लागते. सुटलेलं शिसं पाण्यात उतरतं आणि धन भाराचं असल्यामुळे ऋणाग्राकडे जातं. मुलाम्याच्या हौदातलं विषारी क्रोमियम ऋण भाराच्या क्रोमेटच्या रूपात असेल तर ते उलट दिशेने, धनाग्राकडे निघतं. दोन्ही टोकांना सच्छिद्र नळ्यांत पाणी ठेवायचं, धातू त्यात जमला की ते उपसून बाहेर न्यायचं. कुणी तिला खणत नाही, भाजत नाही. तिच्याच विद्युतभाराच्या भाषेत तिच्याशी बोलायचं, एवढंच.

भारतीय उपखंडात हे बोलणं फार पूर्वी झालेलं आहे. 1936 साली ए. एन. पुरी आणि बी. आनंद यांनी पंजाबातल्या चोपण जमिनीतले क्षार विजेने काढण्याचे प्रयोग करून ते प्रसिद्ध केले. ज्या पंजाबातून मीन्याची कला आमेरला आली, त्याच पंजाबात मातीचा मळ विजेने काढायची वाट पहिल्यांदा तपासली गेली, याचं मला अप्रूप वाटतं. नंतर 1987 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर शिसं आणि तांबं याच रीतीने काढण्यात आलं. अमेरिकेत लुइझियानात यालचिन अजार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात शिसं मिसळलेल्या केओलिन मातीवर मोठे प्रयोग करून आम्लाच्या या आघाडीचं गणित मांडलं.

चारदीवारीची माती मात्र केओलिनसारखी गरीब नाही. तिच्यातला चुना आम्लाला मध्येच गाठतो आणि खाऊन टाकतो. आम्लाची आघाडी पुढे सरकतच नाही, शिसं जागचं हलत नाही, आणि विजेची युनिटं जळत राहतात. ऋणाग्राजवळ दुसरा अडथळा येतो: तिथल्या अल्कात धातू पुन्हा घट्ट होऊन साचतो आणि मातीची छिद्रंच बुजवतो. यावर उपाय म्हणजे ऋणाग्रापाशी सायट्रिक किंवा ॲसेटिक आम्ल घालत राहणं. लिंबात आणि व्हिनेगरमध्ये असतात तीच ही आम्लं. सायट्रिक आम्ल धातूला आपल्या विळख्यात घेऊन विरघळलेला ठेवतं. तरी वेळ लागतो. काही आठवडे, बहुधा काही महिने. घनमीटर मातीला काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत युनिट वीज लागू शकते. जे कुणी ‘बटण दाबलं की माती साफ’ असं सांगतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. तिची समजूत घालायला वेळ द्यावाच लागतो, आणि तो देण्याजोगी ती आहे.

या बोलण्यातून आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पाहिली की तिच्याबद्दलचं मत बदलतं. ज्या माणसाने ही गोष्ट कामाला लावली तो लिओ कॅसाग्रांदे हा स्थापत्य अभियंता होता. 1939 च्या सुमारास जर्मनीत झाल्सगिटर इथे रेल्वेसाठी चर खणताना दोन्ही बाजूंची पाणथळ माती आत ढासळत होती. त्याने तिच्यात विजेचे गज उतरवले. पाणी चराच्या विरुद्ध दिशेला, ऋणाग्रांच्या विहिरींकडे वळलं आणि ढासळणारी माती उभी राहिली. पाणी गेलं की कण जवळ येतात, एकमेकांवर रेलतात, भार पेलू लागतात. गज लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर धनाग्राकडे तो झिजतो, त्याचे आयन मातीत शिरतात आणि कणांना सांधतात. त्या भागातली माती वीज बंद झाल्यावरही घट्टच राहते. कॅनडात ओंटारिओतल्या बिग पिक नदीवरच्या पुलाचे खांब मऊ मातीत तग धरेनात, तेव्हा 1960 च्या सुमारास याच उपायाने मातीला बळ दिलं गेलं आणि खांब स्थिरावले.

म्हणजे विष सोडताना ती दुबळी होत नाही, उलट सावरते. चारदीवारीला याचं महत्त्व सांगायला नको. जुन्या हवेल्या पावसाळ्यात खचतात तेव्हा आपण भिंतीकडे पाहतो, पण बऱ्याचदा गळक्या नळांनी आणि तुंबलेल्या नाल्यांनी पायाखालची माती आधीच भिजून गेलेली असते. चांदपोल ते बडी चौपड या पट्ट्यात तर 2020 पासून तिच्या पोटातून मेट्रोही धावते आहे. तिच्यावरचं ओझं वाढतच चाललंय.

तरीही हवेलीच्या पायाशी लगेच गज रोवा, असं मी म्हणणार नाही. पाणी काढून घेतलेली माती बसते, आणि एका कोपऱ्यात बसली, दुसऱ्यात नाही, तर चुन्याच्या जुन्या भिंतीला तडा जाणारच. जमिनीतल्या लोखंडी नळांना वीज सापडली तर ते कुरतडले जातील. निव्वळ रेतीच्या खोल थराला तर या उपायाची गरजच नाही, तो पाण्यानेही धुतला जातो. सुरुवात करायची तर ती नाल्यांच्या गाळापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सराफ गल्ल्यांतला गाळ तसाही उपसलाच जातो. त्यातलं सोनं काढून झालं की उरतो तो काळा, पाण्याने थबथबलेला, धातूने भरलेला चिखल. आज त्याला वाली नाही. तो हौदात भरून दोन्ही टोकांना गज लावले, आम्लाचं पाणी फिरवत ठेवलं, तर एकाच कामात धातू बाहेर येईल, पाणी निघेल आणि चिखल घट्ट होईल. इथे भिंत नाही, पाया नाही, घाई नाही. बंदरांच्या आणि नद्यांच्या गाळावर असे प्रयोग झालेले आहेत.

आणि हे करणारे हात बाहेरून आणावे लागणार नाहीत. धनाग्र, ऋणाग्र, डीसीचा रेक्टिफायर, तेजाबाचं प्रमाण, हौदाचं तापमान हे सगळं मुलामा देणाऱ्या कारागिराला रोजच्या सरावाचं आहे. विजेने पितळेवर सोनं चढवता येतं हे ज्याला कळतं, त्याला विजेने मातीतून शिसं उतरवता येतं हे पटवायला अवघड जाऊ नये. गाळातून कण वेचण्याचं न्यारियांचं आणि झारेकऱ्यांचं ज्ञान तर पिढ्यानपिढ्यांचं. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांच्या शेजारी बसून काम करावं. प्रयोगशाळेत शिसं मिसळलेल्या शुद्ध मातीवर निबंध पुष्कळ लिहून झाले. चुना प्यालेली, तीनशे वर्षं जगलेली खरी माती टेबलावर घ्यायला हवी.

त्याच्याही आधी तिची तपासणी व्हावी. कारखान्याचं अंगण, गल्लीतली शाळा, मुलं खेळतात तो चौक, इथल्या वरच्या थरात शिसं आणि कॅडमियम किती आहे हे मोजून त्या गल्लीतल्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं जावं. तोवर एवढं तरी करता येतं: कामाचे कपडे आणि पादत्राणं कारखान्यातच ठेवावीत, घरी कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी, जेवणाआधी मुलांचे हात धुवावेत, आणि तेजाबाचं पाणी उदासीन करून त्यातला धातू खाली बसवल्याशिवाय नालीत सोडू नये. गुजरीत, हुपरीत, झवेरी बाजारात आणि विट्याच्या गलाईवाल्यांच्या प्रत्येक भट्टीच्या दारातही हाच नियम हवा, कारण तिथली माती हिचीच बहीण आहे. कुंदनाचा हार घेताना सोन्याचा कस विचारणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराला हेही विचारावं, की घडणावळीचं पाणी तुम्ही कुठे सोडता?